केमिस्ट्रीचा पेपर, प्रश्न तिसरा: टायट्रेशनची उत्तरं जुळवूया

अर्धामोल | संध्याकाळी 5.40

बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा केमिस्ट्रीचा पेपर आज झाला. बाहेर पडल्यापासून डोक्यात प्रश्न 3 घोळतोय. एसटीत आम्ही पाचजणी होतो आणि एकाच गणिताची तीन वेगळी उत्तरं निघाली. घरी येऊन पुस्तक उघडलं, पण त्यात सूत्रं आहेत, माझं नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. म्हणून धागा काढतेय. (नवख्यांसाठी: टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून, पहिलं संपायला ते किती लागतं हे मोजणं.) प्रश्न मराठीत लिहिते, आकडे पेपरमधलेच आहेत.

3 अ) 0.63 ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावण 100 मिली केलं. त्यातलं 10 मिली पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं. ब्युरेटमध्ये (तोटीच्या मोजनळीत) एनएओएच (सोडियम हायड्रॉक्साइड). सी.बी.आर. (ब्युरेटचं सारखं येणारं रीडिंग) 9.8 मिली. एनएओएचची मोलॅरिटी (एम, म्हणजे लिटरमागे किती मोल) काढा, एंड पॉइंटचा (टायट्रेशन थांबवायचं त्या क्षणाचा) रंगबदल लिहा.

3 ब) 25 मिली 0.1 एम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ब्युरेटमध्ये 0.1 एम एनएओएच. केए (आम्लाची ताकद सांगणारा स्थिरांक) 1.8 × 10⁻⁵. एनएओएच 12.5, 25 आणि 30 मिली घातल्यावर पीएच (आम्ल की बेस ते सांगणारा आकडा, 7 म्हणजे न्यूट्रल) किती? कोणता इंडिकेटर (रंग बदलून एंड पॉइंट दाखवणारा पदार्थ) वापराल, कारण द्या.

3 क) एनएओएच आणि सोडियम कार्बोनेटचं मिश्रण, 25 मिली. ब्युरेटमध्ये 0.1 एम एचसीएल. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग 20.0 मिलीला गेला. मग मिथिल ऑरेंज घालून टायट्रेशन पुढे चालू ठेवलं, एंड पॉइंट 25.0 मिली. दोन्हींचं प्रमाण ग्रॅम प्रति लिटरमध्ये काढा.

3 ड) टायट्रेशनआधी कॉनिकल फ्लास्क कशाने विसळाल? का?

माझी उत्तरं: अ) 0.051 एम. ब) 4.74, 8.87, 11.96, फिनॉल्फ्थॅलीन. क) एनएओएच 2.4, कार्बोनेट 4.24. ड) डिस्टिल्ड वॉटर.

कृपया प्रत्येकाने उत्तरासोबत कसं काढलं तेही लिहा. नुसत्या आकड्यांनी मघाशी एसटीत गोंधळच वाढला.

निळा लिटमस | 5.52

अ ला मला 0.143 आलं. ऑक्झॅलिकचं मोलर मास 90. 0.63 भागिले 90 म्हणजे 0.007 मोल, 100 मिलीत, म्हणून 0.07 एम. बाकीचं सूत्राने.

पहिला बाक | 5.58

अ चं उत्तर 0.102 एम. स्फटिक म्हटलंय ना पेपरमध्ये! स्फटिकात प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असतात, 90 + 36 = 126. म्हणजे 0.005 मोल, द्रावण 0.05 एम.

अर्धामोल | 6.03

126 मीही घेतलंय आणि 0.05 एमच आलं. मग 0.05 × 10 = एम × 9.8, म्हणून 0.051. तुझं बरोबर दुप्पट कसं काय?

पहिला बाक | 6.10

एका ऑक्झॅलिकला दोन एनएओएच लागतात, दोन हायड्रोजन सुटतात त्याचे. एम1व्ही1 = एम2व्ही2 हे एकास एक असेल तेव्हाच चालतं. मी हल्ली ते सूत्र लिहितच नाही, मिलीमोल (मोलचा हजारावा भाग, एम गुणिले मिली) मोजते. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक 10 × 0.05 = 0.5 मिलीमोल. त्याला एनएओएच हवं 1.0 मिलीमोल. ते 9.8 मिलीत होतं. 1.0 भागिले 9.8, झालं 0.102.

अर्धामोल | 6.14

समजलं. समीकरण मी वर लिहिलं होतं, त्यात 2 पण घातला होता, आणि खाली गणितात तो घेतलाच नाही. समीकरणाचे मार्क मिळतील बहुतेक.

जुना डेमॉन्स्ट्रेटर | 6.31

मुलांनो, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पेपर काढणाऱ्याने 0.63 हा आकडा विचार करून घेतलेला आहे. आमच्या वेळी सगळं नॉर्मॅलिटीत (एन, म्हणजे लिटरमागे किती इक्विव्हॅलंट) चालायचं. ऑक्झॅलिकचं इक्विव्हॅलंट वेट 126 भागिले 2, म्हणजे 63. लिटरला 6.3 ग्रॅम म्हणजे एन/10. शंभर मिलीला 0.63. नॉर्मॅलिटीत तो दोन आधीच पोटात असतो, म्हणून एन1व्ही1 = एन2व्ही2 सरसकट चालायचं. आता तुम्ही मोलॅरिटीत लिहिता, तर तो दोन तुम्हाला स्वतःच्या हाताने घालावा लागतो. ज्यांनी घरी मोठ्या भावंडांच्या जुन्या जर्नलवरून अभ्यास केला असेल, त्यांचा हा दोन हमखास सुटतो. दरवर्षी बघत आलोय.

दुसरं, हा प्रयोग करायचाच कशाला? एनएओएचच्या गोळ्या वजन करून थेट 0.1 एम का करत नाहीत? कारण त्या गोळ्या वॉच ग्लासवर ठेवल्या की डोळ्यांदेखत ओल्या होतात. हवेतलं पाणी घेतात, कार्बन डायऑक्साइड घेतात. काट्यावर 4 ग्रॅम दिसले तरी त्यात एनएओएच किती, हे कुणी सांगू शकत नाही. ऑक्झॅलिकचे स्फटिक हवेत तसेच राहतात, त्यांचं वजन खरं असतं. म्हणून खऱ्या वजनाच्या वस्तूने संशयित वस्तू मोजायची. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, हेच विचारतात.

निळा लिटमस | 6.40

धन्यवाद काका. आता रंगाचं विचारतो. मी गुलाबी ते रंगहीन लिहिलंय. आमच्या कॉलेजात ब्युरेटमध्ये अ‍ॅसिड भरतात, त्यामुळे जर्नलमध्ये तसंच आहे.

पहिला बाक | 6.44

पेपरात एनएओएच ब्युरेटमध्ये होतं. म्हणजे फ्लास्कमध्ये सुरुवातीला अ‍ॅसिड, फिनॉल्फ्थॅलीन त्यात रंगहीन. म्हणून रंगहीन ते फिकट गुलाबी.

सोलापूर सायन्स | 6.58

अ मध्ये वाद नाही, माझंही 0.102. मला ब बद्दल बोलायचंय. 25 मिलीला तुम्ही सगळे 8 च्या वर लिहिताय, ते मला पटत नाही. 25 मिली अ‍ॅसिड, 25 मिली बेस, दोन्ही 0.1 एम. सगळं अ‍ॅसिड संपलं, सगळा बेस संपला. यालाच तर न्यूट्रलायझेशन म्हणतात. राहिलं मीठ आणि पाणी. पीएच 7. दहावीपासून हेच शिकलोय आपण.

बेंझीनवलय | 7.09

तुझं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे, सगळं अ‍ॅसिड आणि सगळा बेस संपतो. अडचण "मीठ आणि पाणी" इथे आहे. कोणतं मीठ? सोडियम अ‍ॅसिटेट. एचसीएल असतं तर सोडियम क्लोराइड उरलं असतं आणि पीएच 7 राहिला असता, कारण क्लोराइडला हायड्रोजनची काही पडलेली नसते. अ‍ॅसिटेटचं तसं नाही. अ‍ॅसेटिक हे कमजोर अ‍ॅसिड, म्हणजे आपला हायड्रोजन सहज सोडत नाही. मग तोच अ‍ॅसिटेट पाण्यात मोकळा झाला की पाण्याकडून थोडा हायड्रोजन परत ओढतो. पाण्याचा हायड्रोजन गेला की मागे ओएच उरतो. म्हणून द्रावण थोडं बेसिक.

सोलापूर सायन्स | 7.15

मग त्याला न्यूट्रलायझेशन का म्हणायचं? शब्दच चुकीचा झाला ना.

जुना डेमॉन्स्ट्रेटर | 7.26

प्रश्न चांगला आहे. शब्द जुना आहे, पीएच नंतर आला. सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने पीएचची कल्पना 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ब्युरेट आणि टायट्रेशन त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. त्यामुळे टायट्रेशनमध्ये "पुरलं" याचा अर्थ मोल जुळले एवढाच. द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, किती, हा वेगळा प्रश्न आहे.

मी मराठी माध्यमातला. आम्हाला बेसला आम्लारी म्हणायला शिकवलं, आम्ल आणि अरि, आम्लाचा शत्रू. लढाईत दोन्ही बाजूंचे सैनिक सारखेच पडले, तरी रणांगण सपाट राहीलच असं नाही. मागे काय उरलं ते बघावं लागतं.

सोलापूर सायन्स | 7.31

हे कळलं. माझे तीन मार्क गेले, पण कळलं.

अर्धामोल | 7.38

मग 25 मिलीला 8.87 ना? माझं असं आहे: केबी (केएसारखाच, पण बेसचा स्थिरांक) = 10⁻¹⁴ भागिले 1.8 × 10⁻⁵ = 5.56 × 10⁻¹⁰. अ‍ॅसिटेट 0.1 एम. ओएच म्हणजे 5.56 × 10⁻¹¹ चं वर्गमूळ, 7.45 × 10⁻⁶. पीओएच (ओएचचा तसाच आकडा) 5.13. पीएच 14 − 5.13 = 8.87.

निळा लिटमस | 7.41

माझं पण 8.87!

पहिला बाक | 7.45

8.72. अ‍ॅसिटेट 0.1 नाही, 0.05 एम आहे. फ्लास्कमध्ये आता 25 + 25 = 50 मिली झालंय. तेच 2.5 मिलीमोल, पण दुप्पट पाण्यात. 5.56 × 10⁻¹⁰ × 0.05 चं वर्गमूळ 5.27 × 10⁻⁶, पीओएच 5.28, पीएच 8.72. दोन उत्तरांतला फरक 0.15 आहे, आणि लॉग 2 चं निम्मं 0.15. तुमचं फक्त ते दुप्पट होणं राहिलंय, बाकी रीत बरोबर आहे.

अर्धामोल | 7.57

थांब, इथेच मी गोंधळलेय आणि हे मला नीट समजून घ्यायचंय. 3 ड चं उत्तर काय? कॉनिकल फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने विसळायचा, आत थोडं पाणी राहिलं तरी चालतं, त्याने टायट्रेशनला फरक पडत नाही. मॅडम तर मध्येच वॉश बॉटलने फ्लास्कच्या कडाही धुवून घेतात. म्हणजे पाण्याने फरक पडत नाही. आणि 3 ब मध्ये तू म्हणतेस पाणी वाढल्याने पीएच बदलला. एकाच प्रश्नात दोन्ही कसं खरं? मी ड मध्ये "पाण्याने द्रावणाच्या कोणत्याही गुणधर्मावर परिणाम होत नाही" असं लिहून आलेय, आता ते चूक वाटतंय.

पहिला बाक | 8.02

फरक पडत नाही तो ब्युरेटच्या रीडिंगला. पीएचला पडतो.

अर्धामोल | 8.04

पण का?

बेंझीनवलय | 8.20

मी प्रयत्न करते. आधी एवढंच बघ की फ्लास्कमध्ये त्या क्षणी कायकाय आहे आणि किती आहे.

25 मिली पिपेट केलंस, अ‍ॅसेटिक 2.5 मिलीमोल आत गेलं. आता वरून पेलाभर पाणी ओत. 2.5 मिलीमोलच राहतं. पाण्याने अ‍ॅसिडचा एकही रेणू वाढला नाही की कमी झाला नाही. त्याला पुरवायला एनएओएच 2.5 मिलीमोलच लागणार, म्हणजे ब्युरेट 25 मिलीच दाखवणार. ड चं कारण हेच. आणि म्हणूनच फ्लास्क अ‍ॅसिडने विसळायचा नाही. विसळल्यावर चिकटून राहिलेलं अ‍ॅसिड हे पिपेटने न मोजलेलं जास्तीचं अ‍ॅसिड. ब्युरेट आणि पिपेट मात्र त्यांच्या त्यांच्या द्रावणानेच विसळायचे, कारण तिथे पाणी राहिलं तर मिलीमागचे मोलच कमी होतात.

आता पीएच. पीएच विचारतो की एका लिटरमागे किती. रेणू तेवढेच, जागा मोठी, त्यामुळे दाटी कमी. ब मध्ये तू फ्लास्कमध्ये जास्तीचं 25 मिली पाणी घातलं असतंस, तर एकूण 75 मिली, अ‍ॅसिटेट 0.033 एम, पीएच 8.63 आला असता. ब्युरेट तरीही 25.0.

आणि यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, 12.5 मिलीला पाणी घातलं तर पीएचही हलत नाही! तिथे निम्मं अ‍ॅसिड, निम्मं अ‍ॅसिटेट आहे, आणि हेंडरसनच्या समीकरणात (अशा मिश्रणाचा पीएच काढायचं सूत्र) दोघांचं गुणोत्तर येतं. पाणी दोघांनाही सारखंच पातळ करतं. म्हणून 4.74 चं 4.74.

अर्धामोल | 8.33

हे दोनदा वाचलं. वहीत तीन ओळी केल्या: रीडिंग मोल विचारतं. पीएच दाटी विचारतो. अर्ध्यावर पीएच गुणोत्तर विचारतो. ताई, तुम्ही शिकवता का कुठे?

बेंझीनवलय | 8.36

अगं नाही, मी एम.एस्सी. च्या पहिल्या वर्षाला आहे. हा गोंधळ माझाही होता आणि तो मिटायला मला दोन वर्षं लागली. म्हणून लांबलचक लिहिलं.

दूधसंकलन | 8.51

मी सांगली जिल्ह्यातल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो. बी.एस्सी. नंतर रोज टायट्रेशनच करतोय म्हटलं तरी चालेल. बेंझीनवलय ताईंनी जे वेगळं करून दाखवलं, ते आमच्या टेबलावर सकाळ-संध्याकाळ दिसतं, म्हणून लिहितो.

ताज्या दुधाचा पीएच 6.6 ते 6.8 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ न्यूट्रल. मग त्याला सोडा (आम्ही एनएओएचला सोडाच म्हणतो) लागायलाच नको, असं सोलापूर सायन्सच्या हिशोबाने वाटेल. पण आम्ही 10 मिली दूध घेतो, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतो, एन/10 सोडा सोडतो, आणि चांगल्या दुधालाही दीड मिलीच्या आसपास सोडा लागतो. 1.6 मिली लागला तर 1.6 × 0.09 = 0.144 टक्के आम्लता, लॅक्टिकच्या हिशोबात. तो 0.09 लॅक्टिकच्या मोलर मास 90 वरून येतो. गंमत म्हणजे ताज्या दुधात लॅक्टिक जवळपास नसतंच. तो सोडा केसीन, फॉस्फेट, सायट्रेट हे सगळे मिळून खातात. दूध आंबायला लागलं की जंतू लॅक्टोजचं लॅक्टिक करतात, आणि मग रीडिंग चढतं.

आता जुन्या डेमॉन्स्ट्रेटर काकांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं सांगितलं, ते परीक्षेपुरतं समजू नका. सोड्याची बाटली उघडी राहिली की सोड्याचा काही भाग कार्बोनेट होतो. फिनॉल्फ्थॅलीनला कार्बोनेटचा अर्धाच उपयोग होतो, म्हणजे सोडा कमजोर पडतो. कमजोर सोडा जास्त लागतो. रीडिंग 1.6 ऐवजी 1.8 येतं, आणि चांगलं दूध आंबट ठरतं. पहाटे चारला उठून धार काढलेल्या माणसाचा कॅन परत जातो. मी नवीन असताना हे माझ्या हातून झालंय. संध्याकाळी ताज्या ऑक्झॅलिकवर सोडा तपासला तेव्हा तो 0.1 चा 0.09 झालेला निघाला. त्या दिवशी परत गेलेल्या तीन कॅनवाल्यांकडे मी स्वतः जाऊन आलो. तेव्हापासून दर सोमवारी सोडा तपासल्याशिवाय दुधाला हात लावत नाही. तुमचं 3 अ म्हणजे माझा सोमवार.

सोलापूर सायन्स | 9.02

दादा, हे वर्गात कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही 9.8 की 9.9 यावरून रीडिंग "ठरवून" लिहायचो. पुढच्या सेमिस्टरला नाही लिहिणार.

निळा लिटमस | 9.08

ब चा इंडिकेटर सगळ्यांचा फिनॉल्फ्थॅलीन आहे ना? कारण काय लिहिलंत? मी "कमजोर अ‍ॅसिड, तीव्र बेस असेल तर फिनॉल्फ्थॅलीन" एवढंच लिहिलं.

पहिला बाक | 9.17

ते कारण नाही, नियम झाला. मी रेंज लिहिली, म्हणजे रंग कुठल्या पीएचपासून कुठल्या पीएचपर्यंत बदलतो ते. फिनॉल्फ्थॅलीन 8.2 ते 10, मिथिल ऑरेंज 3.1 ते 4.4. आपला इक्विव्हॅलन्स (मोल जुळतात तिथला पीएच) 8.72, तो पहिल्या रेंजमध्ये बसतो.

बेंझीनवलय | 9.29

त्याला जोडून आकडे देते, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. एक थेंब साधारण 0.05 मिली. 24.95 मिलीला, म्हणजे एक थेंब आधी, पीएच 7.44. 25.00 ला 8.72. एक थेंब जास्त झाला की 10.0. दोन थेंबांत अडीच युनिट, आणि फिनॉल्फ्थॅलीनची रेंज नेमकी त्या उडीत. म्हणून एका थेंबात गुलाबी होतं.

आता मिथिल ऑरेंज टाकून बघू. 4.4 ला ते पूर्ण पिवळं होतं. आपल्या फ्लास्कचा पीएच 4.4 कधी होतो? अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिडचं गुणोत्तर 0.46 असेल तेव्हा, म्हणजे साधारण 7.8 मिलीला. खरं उत्तर 25, आणि तुम्ही 8 ला थांबलात! आणि तेही ठळक एंड पॉइंटशिवाय, रंग थेंबाथेंबाने सरकत राहतो. हे लिहिलं असतं तर पूर्ण मार्क.

अर्धामोल | 9.40

आता क. माझं कार्बोनेट 4.24 आहे, मैत्रिणीचं 2.12. आणि तिसरीने एनएओएच 1.6 काढलंय.

निळा लिटमस | 9.44

माझं एनएओएच उणे आलं, म्हणून सोडून दिलं. मी 25.0 हे मिथिल ऑरेंजनंतरचं वेगळं रीडिंग समजलो. "एंड पॉइंट 25.0 मिली" याचा अर्थ पुढे आणखी 25 असाही होतोच की. प्रश्नच संदिग्ध आहे, यावर अर्ज द्यायला हवा.

पहिला बाक | 9.58

आधी गणित करू, मग अर्जाचं बघू.

20.0 मिलीपर्यंत काय झालं? सगळा एनएओएच संपला, आणि कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंत आलं. फिनॉल्फ्थॅलीनला एवढंच दिसतं. त्यानंतर 20 ते 25, म्हणजे 5 मिली, त्या बायकार्बोनेटला लागले. 5 × 0.1 = 0.5 मिलीमोल. बायकार्बोनेट 0.5, म्हणजे मुळात कार्बोनेटही 0.5 मिलीमोल. 0.5 × 106 = 53 मिलीग्रॅम, 25 मिलीत. लिटरला 2.12 ग्रॅम.

पहिल्या 20 पैकी कार्बोनेटने 5 घेतले, उरले 15. 1.5 मिलीमोल × 40 = 60 मिलीग्रॅम. लिटरला 2.4 ग्रॅम.

अर्धामोल, तू 5 चे 10 केलेस आणि वर 106 ने गुणलंस, बरोबर? दहा करायचे तर इक्विव्हॅलंट वेट 53 घ्यावं लागतं. दोन दोनदा आला.

अर्धामोल | 10.03

अगदी तेच. अ मध्ये दोन विसरले आणि क मध्ये दोन दोनदा घातला. 1.6 वालीने 20 मधून 5 ऐवजी 10 वजा केलेत, तेही आता दिसतंय.

जुना डेमॉन्स्ट्रेटर | 10.15

निळा लिटमस, प्रश्नाची भाषा सैल आहे, हे मला मान्य. "एकूण" हा एक शब्द घातला असता तर तक्रारीला जागा राहिली नसती. पेपर काढणाऱ्याने हे बघायला हवं होतं. पण प्रश्नच तुला वाटही दाखवत होता. मिश्रणात एनएओएच आणि कार्बोनेट आहे हे दिलेलं आहे. तुझ्या अर्थाने फिनॉल्फ्थॅलीनला 20 आणि पुढे आणखी 25. पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा तेव्हाच येतो, जेव्हा द्रावणात आधीपासून बायकार्बोनेट असतं, आणि ते एनएओएचसोबत एका भांड्यात राहूच शकत नाही, दोघांचं लगेच कार्बोनेट होतं. म्हणून उत्तर उणे आलं. उणे आलं तिथे सोडून देण्याऐवजी "माझा अर्थ चुकतोय का" म्हणून एकदा परत वाचायला हवं होतंस.

अर्ज मात्र जरूर द्या. नीट, नम्र भाषेत, दोन्ही अर्थ लिहून, प्राचार्यांमार्फत. सैल वाक्यामुळे वेळ गेला, हे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सोलापूर सायन्स | 10.22

मसुदा मी करतो, उद्या सकाळी इथेच टाकतो. माझा क बरोबर आला तरी सही करेन.

अर्धामोल | दुसऱ्या दिवशी, दुपारी 3.10

मसुद्यावर एकवीस सह्या झाल्या, आज दिला.

आणखी एक सांगायचंय. बेंझीनवलय ताईंचं 12.5 मिलीचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं. आज लॅबमध्ये मॅडमना विचारलं, पीएच मीटर मिळेल का अर्धा तास. त्यांनी मीटर 4 आणि 7 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) लावून दिला आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

25 मिली अ‍ॅसेटिक घेतलं, 12.5 मिली एनएओएच सोडलं. मीटरवर 4.68. मग मॅडम म्हणाल्या, घाल पाणी. मी 25 मिली डिस्टिल्ड वॉटर ओतलं, ढवळलं. आकडा थोडा थरथरला आणि 4.69 वर थांबला. फ्लास्क जवळजवळ भरला होता आणि आकडा तिथेच! मैत्रिणींना बोलावून परत करून दाखवलं.

दुसऱ्या वेळी पाणी न घालता पुढे गेले. 24.9 पासून थेंब थेंब. 25.0 ला मीटर 8.4, फिनॉल्फ्थॅलीनची अगदी पुसट छटा, पुढच्या थेंबाला 9.7 आणि स्पष्ट गुलाबी.

बेंझीनवलय | 3.42

वाचून फार बरं वाटलं गं! 4.68 आणि 4.74 मधला फरक चुकीचा समजू नकोस. आपलं गणित आयन एकमेकांना ओढत नाहीत असं धरतं, मीटर खऱ्या द्रावणात बुडलेला असतो. पाणी घातल्यावर 4.69 झालं, म्हणजे पातळ झाल्यावर ते गणिताकडे एक पाऊल सरकलं. आणि 25.0 ला 8.72 नेमका दिसला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिथे अर्ध्या थेंबाने आकडा उडतो, शिवाय पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो. तिथे ब्युरेटचे 25.0 मिली जास्त भरवशाचे.

दूधसंकलन | 4.05

पुढच्या वेळी पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून गार करून घ्या. पुसट छटा जास्त वेळ टिकेल.

अर्धामोल | 4.11

उकळून बघते दादा. मॅडम शुक्रवारी परत लॅब उघडून देणार आहेत, आणि या वेळी आम्ही सातजणी आहोत.